यंत्रालाही दाखला विचारा

कॉलेजात नाव घालायचे ठरले, तेव्हा वडिलांनी पत्र्याची पेटी उघडून घरातले सगळे कागद माझ्यापुढे ठेवले. शाळा सोडल्याचा दाखला, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि त्या दाखल्याची पडताळणी झाल्याचा आणखी एक दाखला! आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. कोणता कागद कुठे लागतो हे सांगणारे घरी कोणी नव्हते. वडील चौथी शिकलेले, मार्केट यार्डात हमाली करतात. आई शेतमजुरीला जाते. पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जाला मी उत्पन्नाचा दाखला जोडला, तो मुदत संपलेला निघाला. दाखला खरा होता, सही-शिक्का खरा होता, वडिलांची कमाईही एका पैशाने वाढलेली नव्हती. पण तारीख उलटून गेली होती. "नवा आणा," एवढेच उत्तर खिडकीतून आले. तीन हेलपाटे झाले, वडिलांची दोन दिवसांची हमाली बुडाली, तेव्हा कुठे अर्ज पुढे सरकला.

त्या वेळी मला फार राग आला होता. आज या लेखात मात्र मी त्या खिडकीतल्या साहेबांची बाजू घेणार आहे, हे वाचून माझ्या मैत्रिणी हसतील. पण मध्यंतरी असा एक प्रसंग घडला, की दाखला कशासाठी असतो, मुदत कशासाठी असते आणि "चालू द्या हो" म्हणण्याची किंमत काय असते, याचा मला नव्याने विचार करावा लागला.

कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी पाच ते नऊ मी पेठेतल्या एका किराणा दुकानात बिले करते. दुकानाच्या मालकांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. काउंटरवर एक संगणक आहे, पावती छापणारा प्रिंटर आहे, त्याला वायरने जोडलेला गल्ल्याचा खण आहे आणि कार्डाचे स्वाइप मशीन आहे. बिल संगणकावर होते; तिथून हुकूम गेला की प्रिंटर पावती काढतो, गल्ला उघडतो; कार्ड असेल तर बिलाचा आकडा स्वाइप मशीनकडे जातो आणि 'पैसे मिळाले' हा निरोप परत येतो. ही सगळी यंत्रे एकमेकांशी दुकानातल्याच वायफायवरून बोलतात. दुकान जुन्या दगडी इमारतीत असल्यामुळे आत मोबाइलला रेंज नसते. म्हणून गिऱ्हाइकांना पैसे भरता यावेत यासाठी त्याच वायफायचा पासवर्ड काकांनी भिंतीवर लिहून ठेवला आहे.

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या संध्याकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. रवा, मैदा, बेसन, वनस्पती तूप यांची नुसती रीघ लागली होती. अशात संगणकाच्या पडद्यावर एक चौकट उभी राहिली. समोरच्या यंत्राच्या सर्टिफिकेटची मुदत संपली आहे, संबंध सुरक्षित नाही, असा तिचा मजकूर. तोही इंग्रजीत. पावती निघेना, गल्ला उघडेना. काकांनी बिलाचा प्रोग्रॅम पुरवणाऱ्याला फोन लावला आणि माझ्या कानाला दिला. पलीकडून आवाज आला, "ताई, काही झालेलं नाही. सेटिंगमध्ये जा. सर्टिफिकेट तपासा, असं लिहिलेलं असेल. त्याच्यापुढची खूण काढून टाका. परत कधी त्रास होणार नाही."

मी घुटमळले. काका म्हणाले, "अगं पोरी, काढ की मग! लोक उभे आहेत."

मी खूण काढली. लगेच पावती निघाली, गल्ला खणकन उघडला आणि रांग पुढे सरकली. त्या दिवशी सगळ्यांनी माझे कौतुक केले.

घरी जाताना मात्र मला शिष्यवृत्तीची खिडकी आठवली. माणसाच्या दाखल्याची तारीख उलटली तर अर्ज अडतो; यंत्राच्या दाखल्याची तारीख उलटली तर आपण तपासणाऱ्यालाच घरी पाठवतो! हा काय न्याय झाला? आणि मी नेमके बंद तरी काय केले होते? ग्रंथालयातली पुस्तके चाळून आणि संगणकशास्त्राच्या सरांना गाठून मी ते समजून घेतले. मी कला शाखेची विद्यार्थिनी. गणिताशी माझे दहावीनंतर बोलणे बंद आहे. तरीही मुख्य गोष्ट मला कळली, कारण ती दाखल्यांचीच गोष्ट आहे.

यंत्रे एकमेकांना जो मजकूर पाठवतात तो उघड्या पोस्टकार्डासारखा असतो. वाटेत कोणीही वाचावा, कोणीही बदलावा. म्हणून तो कुलूपबंद करून पाठवतात. यालाच एन्क्रिप्शन म्हणतात. पूर्वीची अडचण अशी होती, की कुलूप लावणाऱ्याकडे आणि उघडणाऱ्याकडे एकच किल्ली हवी. मग ती किल्ली आधी पोहोचवायची कशी? यावर १९७६ साली डिफी आणि हेलमन या दोघांनी मार्ग सुचवला आणि १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी जोडकिल्लीची पद्धत शोधली. प्रत्येकाच्या दोन किल्ल्या: एक जगजाहीर, दुसरी स्वतःपाशी गुप्त. जाहीर किल्लीने बंद केलेले फक्त गुप्त किल्लीनेच उघडते. आणि गुप्त किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने कोणालाही पारखून घेता येते.

पण एवढ्याने भागत नाही. "ही पाहा माझी जाहीर किल्ली, मी दुकानाचा प्रिंटर," असे म्हणत एखादा भामटाच पुढे आला तर? लखोटा अगदी पक्का बंद केला आणि चोराच्याच हाती दिला, अशी गत होईल. म्हणून सर्टिफिकेट आले. 'ही किल्ली अमुक यंत्राची आहे, तमुक तारखेपर्यंत ग्राह्य आहे,' असे लिहून खाली विश्वासू तिसऱ्याने सही करायची, हा तो दाखला. त्याचा नमुना १९८८ साली ठरला आणि पुढे त्यात भर पडत गेली, तरी मूळ कल्पना तीच आहे. बँकेच्या संकेतस्थळापासून दुकानातल्या प्रिंटरापर्यंत आज तोच चालतो.

आपल्या दाखल्यांची उतरंड आठवा. दाखल्यावर तहसीलदारांची सही चालते, कारण तहसीलदारांना शासनाने नेमले आहे. यंत्रांच्या जगातही वर एक मूळ अधिकारी संस्था, तिने नेमलेली मधली संस्था आणि खाली यंत्राचा दाखला, अशी साखळी असते. आपल्या देशात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा संस्थांवर एक नियंत्रकही नेमला आहे. शिवाय 'स्वतःच सही केलेले' सर्टिफिकेट असते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने स्वयंसाक्षांकित प्रती चालतील असे ठरवले, तेव्हापासून आपण झेरॉक्सवर स्वतःच सही ठोकतो ना, तसेच ते. पण आपण स्वतः सही केलेली प्रत चालते, कारण मूळ कागद कधीही मागता येतो आणि खोटे निघाले तर शिक्षा होते. यंत्राच्या स्वाक्षरीमागे असे कोणी उभे नसेल, तर ती केवळ बढाई ठरते.

दुकानात घडले ते असे. खूण काढल्यामुळे लखोटा अजून बंदच होता. फक्त तो घेणारा कोण, हे विचारणे आम्ही सोडून दिले होते. भिंतीवरचा पासवर्ड वाचून वायफायला जोडलेला कोणीही हुशार माणूस आता 'मीच स्वाइप मशीन' असे सांगू शकला असता. न भरलेल्या बिलावर 'पैसे मिळाले' असा खोटा निरोप पाठवू शकला असता. गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर आणि कोणाची किती उधारी, हेही त्याला वाचता आले असते. उलट बाजूनेही तेच. अनेक साध्या पावती-प्रिंटरांना आपल्याशी कोण बोलतो आहे हे विचारण्याची सवय नसते. जो हुकूम देईल त्याचे ते ऐकतात. आणि गल्ला तर प्रिंटरच उघडतो!

कोणी म्हणेल, हे सारे कल्पनेतले भय आहे. तसे नाही. अमेरिकेत टीजेएक्स नावाची कापडचोपड विकणाऱ्या दुकानांची मोठी साखळी आहे. तिच्या दुकानांतले वायरलेस जाळे जुन्या, कच्च्या पद्धतीच्या एन्क्रिप्शनवर चालत होते. ती पद्धत मोडता येते हे तज्ज्ञांनी २००१ सालीच दाखवून दिले होते. तरी 'चालले आहे, चालू द्या' असे झाले. २००५ पासून चोर त्या वाटेने आत शिरत राहिले आणि २००७ साली गोष्ट उघडकीला आली, तेव्हा किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती गेली होती. दुकानाचे कुलूप कोणी फोडले नाही, गल्ल्याला कोणी हात लावला नाही.

बरे, दाखला देणारेच फसले तर? तसेही घडले आहे. २०११ साली नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या संस्थेत चोर शिरले आणि त्यांनी तिच्या नावे पाचशेहून अधिक खोटी सर्टिफिकेटे काढली. त्यांतल्या एकाचा वापर इराणमधल्या लोकांची पत्रे वाचण्यासाठी झाला. त्याच वर्षी संस्था दिवाळखोरीत गेली. २०१४ साली आपल्याकडेही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगलच्या नावाची अनधिकृत सर्टिफिकेटे निघाली आणि ती मधली साखळीच रद्द करावी लागली. म्हणून काय दाखलेच नकोत? खोटा दाखला काढून कोणी नोकरी मिळवली तर आपण पडताळणी कडक करा म्हणतो. पडताळणी बंद करा असे कोणी म्हणत नाही.

मुदतीचेही तसेच. किल्ली कधी हरवेल, चोरीला जाईल, सांगता येत नाही. मुदत असली की चोरीची किल्ली केव्हा तरी आपोआप निकामी होते. २०२५ साली जागतिक पातळीवर असे ठरले, की संकेतस्थळांच्या सर्टिफिकेटांची मुदत टप्प्याटप्प्याने कमी करायची: १५ मार्च २०२६ पासून जास्तीत जास्त २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि २०२९ पासून अवघे ४७. इतक्या वेळा हेलपाटे कोण घालणार? उत्तर असे की माणसाने घालायचेच नाहीत, नूतनीकरण यंत्राने आपोआप करायचे. आमच्या उत्पन्नाच्या दाखल्याची अशी सोय कधी होईल, देव जाणे!

माझ्या मताला विरोध करणाऱ्यांचे दोन मुद्दे मी ऐकले आहेत. पहिला असा, की एवढ्याशा दुकानात कोण चोरी करायला येतो? पण लहान दुकानदाराला पाच हजारांचा फटका जेवढा लागतो, तेवढा मोठ्या कंपनीला पाच लाखांचाही लागत नाही. शिवाय उधारीच्या वहीत ज्यांची नावे आहेत, त्यांनी आपली अब्रू काकांच्या भरवशावर ठेवलेली असते. त्या वहीत आमच्याही घराचे नाव आहे.

दुसरा मुद्दा असा, की सर्टिफिकेट असूनही मोठ्या चोऱ्या होतातच. हे खरे आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या टार्गेट कंपनीच्या ४ कोटी कार्डांची माहिती गेली ती वाटेत नव्हे, तर गल्ल्यावरच्या यंत्रांच्या स्मृतीतूनच चोरली गेली. पुण्यात ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हा एटीएमच्या विचारणांना बँकेऐवजी मध्येच बसवलेली नकली यंत्रणा 'होय, पैसे द्या' असे उत्तर देत होती. चोर एकदा घरात शिरला की अंगणातल्या पहारेकऱ्याचा उपयोग नसतो. पण या दुसऱ्या घटनेतून मी उलटाच धडा घेते. 'होय' म्हणणारा खरोखर तोच आहे ना, हा प्रश्न प्रत्येक टप्प्यावर विचारला गेला पाहिजे. एका दारावर पहारा पुरत नाही, म्हणून दुसऱ्या दारावरचाही काढून टाकायचा, हे कोणते शहाणपण?

काकांना हे समजावणे सोपे गेले, ते त्यांच्याच एका सवयीमुळे. गिऱ्हाईक मोबाइलवर 'पैसे पाठवले' असे चित्र दाखवते. काका ते मान्य करत नाहीत. काउंटरवरच्या स्पीकरमधून रक्कम बोलल्याचे ऐकल्याशिवाय पिशवी हातात देत नाहीत. मी म्हटले, "काका, तुम्ही माणसाच्या हातातल्या चित्रावर विश्वास ठेवत नाही. मग संगणकाने तरी कोणाच्याही शब्दावर का ठेवावा?" काका क्षणभर गप्प झाले आणि त्यांनी फोन उचलला. दिवाळी आटोपल्यावर आठ दिवसांनी माणूस आला. नवे सर्टिफिकेट बसवायला त्याला वीस मिनिटे लागली. ती खूण मी माझ्या हाताने परत लावली आणि पुढची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवली. गिऱ्हाइकांसाठी वेगळे वायफायही झाले.

जाता जाता मी त्याला विचारले, "ही गुप्त किल्ली फक्त आपल्या दुकानाची ना?" तो हसून म्हणाला, "ताई, सगळ्या दुकानांत हीच असते. वेगवेगळ्या कुठे करत बसणार?"

म्हणजे गावातल्या सगळ्या दुकानांना एकच कुलूप आणि एकच किल्ली! २०१५ साली लेनोवो कंपनीच्या लॅपटॉपांत नेमके हेच आढळले होते. सुपरफिश नावाचा प्रोग्रॅम प्रत्येक लॅपटॉपमध्ये तेच मूळ सर्टिफिकेट आणि तीच गुप्त किल्ली घेऊन बसला होता. एका लॅपटॉपमधली किल्ली काढली की बाकी सगळ्यांना फसवणे शक्य होते. जगभर ओरड झाली आणि कंपनीला तो काढून टाकण्याची सोय करून द्यावी लागली. आमच्या पुरवठादाराला काकांनी याबद्दल पत्र लिहिले आहे. मजकूर मी सांगितला, अक्षरही माझेच. उत्तर अजून आलेले नाही.

आता एक घरची गोष्ट. रेशन दुकानात आईला अंगठा लावावा लागतो. खुरपणी करून, भांडी घासून तिच्या बोटांवरच्या रेषा झिजल्या आहेत. यंत्र कधी पहिल्या वेळी ओळखते, कधी पाचव्या. कधी "उद्या या" असे ऐकून रिकाम्या पिशवीने परत यावे लागते. आई खरीच आई आहे, हे तिला दर महिन्याला यंत्रापुढे सिद्ध करावे लागते. मग यंत्राने आईपुढे काय सिद्ध करायचे? मला वाटले होते, काहीच नाही. पण वाचताना कळले, की २०१७ साली आधार प्राधिकरणाने 'नोंदणीकृत उपकरणां'चा नियम आणला: बोटाचा ठसा घेणाऱ्या उपकरणाला स्वतःची ओळख हवी आणि ठसा पुढे जाण्याआधी त्यावर किल्लीची सही व एन्क्रिप्शन झाले पाहिजे, म्हणजे साठवलेला जुना ठसा पुन्हा वापरता येऊ नये. या नियमाने आईच्या रेषा परत येणार नाहीत, तिचा हेलपाटाही चुकणार नाही. त्यासाठी वेगळे भांडावे लागेल. पण तिचा अंगठा तिच्यामागे दुसऱ्या कोणी वापरू नये, याची काही तरी काळजी घेतली आहे, हे कळून मला बरे वाटले. जे रेशनच्या ठशाला लागू, ते किराणा दुकानाच्या गल्ल्याला का नको?

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. यंत्र विकणाऱ्याने प्रत्येक दुकानाला वेगळी किल्ली द्यावी आणि मुदत संपण्याआधी सर्टिफिकेट नवे करण्याची जबाबदारी स्वतः घ्यावी. दुकानदाराने बिलाचा प्रोग्रॅम घेताना हे लेखी मागावे. धोक्याची सूचना मराठीत असावी, कारण जी वाचता येत नाही ती सूचना म्हणजे नुसता अडथळा, आणि अडथळा माणूस दूर सारतोच. तपासणी बंद करण्याची खूण काउंटरवर बसणाऱ्या मुलीच्या हाताशी ठेवूच नये. मी ती खूण काढली, त्याचा दोष मी झटकत नाही. पण ऐन गर्दीत, मागे रांग आणि कानाशी फोन असताना, सर्वांत कमी पगाराच्या माणसाकडून सर्वांत मोठा निर्णय घेतला जातो, ही व्यवस्था चांगली नव्हे.

मित्र-मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जण मेडिकलमध्ये, हॉटेलात, पेट्रोल पंपावर संध्याकाळची कामे करतात. संगणकाचे शास्त्र आपले नव्हे, असे म्हणून आपण गप्प बसतो. पण दाखला म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळते? आयुष्यातली उमेदीची दोन वर्षे आपण दाखल्यांच्या रांगेत घालवली आहेत. तेव्हा पुढच्या वेळी पडद्यावर ती चौकट दिसली आणि फोनवरचा आवाज म्हणाला "खूण काढून टाका", तर एकदा तरी विचारा: "का? आणि परत केव्हा लावायची?"

— द्वितीय वर्ष, बी. ए.